कापूस जाळीआड

मी एक जुना राखणदार आहे, मित्रांनो. वय नऊ वर्षे, वजन साठ किलो आणि नाव कापूस. हसू नका. या घरात आलो तेव्हा मी टोपलीत मावत होतो आणि अंगाने पांढराशुभ्र होतो. नाव ठेवणाऱ्यांनी पुढचा विचार केला नाही. ती आमच्या घराची जुनी खोड आहे.

माझा जन्म मेंढ्यांच्या वाड्यात झाला. आमच्या जातीला कोणी हुकूम देत नाही. कळपाजवळ कोण आले, कशाला आले, ते आमचे आम्ही ठरवतो. लांडग्याला पिटाळून माझी आई परतली की मेंढपाळ तिच्या कानामागे जरा खाजवायचा आणि आपल्या कामाला लागायचा. कौतुक एवढेच.

मला एका कुलूपवाल्याने शहरात आणले. तिसऱ्या मजल्यावर तीन खोल्या. बाबा, म्हणजे तो कुलूपवाला, दिवसभर लोकांची अडलेली कुलपे उघडायचे. आई घरीच शिवणकाम करायची. त्यांच्या मुलीला सगळे बटण म्हणत. ती माझ्या पोटाला टेकून बसायची, पुढे पाढेही तिने तिथेच पाठ केले. हा माझा कळप, हे मी लगेच ओळखले. मेंढ्या तीनच, पण फार पांगायच्या. एक मशीनवर, एक शाळेत, एक कुणाच्या तरी बंद दारापाशी. मला दम खायला फुरसत नसे.

मी वर्षाचा झालो आणि बाबांना माझा अभिमान वाटू लागला. तिथेच माशी शिंकली. पाहुणे आले की बाबा म्हणायचे, "हिच्यावर हात उगारून बघा." पाहुणा बटणवर हात उगारायचा आणि मी गुरगुरत मध्ये उभा राहायचो. टाळ्या पडायच्या, मला बिस्किट मिळायचे. आई पुरे म्हणायची, पण तीही हसतच. मी चांगलाच शेफारलो, खोटे कशाला बोलू?

आईचा भाऊ दूरच्या गावी केस कापायचे दुकान चालवतो. चार वर्षांपूर्वी तो मामा पहिल्यांदाच आमच्याकडे आला. दुपारी त्याने आणलेली लिमलेटची गोळी बटणच्या घशात अडकली. तिचा आवाज बंद झाला, चेहरा काळानिळा पडला. मामाने तिला वाकवले आणि तिच्या पाठीत जोरजोरात थापा घातल्या. मला काय दिसले असेल? अनोळखी माणूस आणि बटणच्या पाठीवर पडणारा हात. मी तो हात मनगटाशी धरला आणि मामाला खाली पाडले. "सोड, पोरगी मरेल," असे तो ओरडत होता. पण आमच्या जातीला कोणी हुकूम देत नाही. शेवटी आईने बटणला ओढून घेतले आणि स्वतः थापा घातल्या. आईला मी कसा अडवीन? गोळी बाहेर पडली, बटण रडू लागली आणि मी शेपूट हलवत टाळ्यांची वाट पाहत उभा राहिलो.

मामाच्या हाताला चौदा टाके पडले. त्याची दोन बोटे अजून नीट मिटत नाहीत, आणि तो तर कात्रीवर पोट भरणारा माणूस. असले पिसाळलेले जनावर घरात ठेवलेच कसे, असे त्याने विचारले. बाबा खाली मान घालून उभे होते. खेळाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. आईनेही नाही.

आठवड्याभरात गॅलरीला लोखंडी जाळीचे दार लागले. कुलूप बाबांनी निवडून लावले, दुकानातले सगळ्यांत भक्कम. गॅलरी माझ्या चार पावलांची. वळायचे तर आधी भिंतीला ढुंगण लावावे लागते. समोर वाळत घातलेले कपडे आणि पलीकडच्या इमारतीची भिंत. मला दुसरे कोणी घेईना. माझ्यापायी घरचे तिघे मिळून कुठे जात नाहीत. आईची गिऱ्हाइके जिन्यात उभी राहून मापे देतात. मला कोंडून तेही कोंडले गेले आहेत, हे मी जाळीतून रोज पाहतो आणि मला राग येतो. त्यांचाही येतो, पण जास्त करून मामाचा.

यंदा माझे मागचे पाय लटपटू लागले. जनावरांच्या डॉक्टर आल्या आणि त्यांनी बजावले, "आणखी सहा महिने असाच कोंडून ठेवलात तर हा पुन्हा उठायचा नाही. याला चालवा." पण मामाने केव्हाच सांगून ठेवले होते, कुत्रा बाहेर फिरवल्याचे कळले तर बहिणीशी संबंध तोडीन. बाबा कुलपाशी यायचे, किल्ली चाचपायचे आणि परत जायचे. मी उठायचो आणि पुन्हा बसायचो.

बटण आता बारा वर्षांची आहे. एका दुपारी तिने सगळ्यांसमोर मामाला फोन लावला. "मामा, कापूस पिसाळलेला नव्हता. माझ्यावर कुणी हात उगारला की मध्ये यायचं, असा खेळ बाबांनी शिकवला होता त्याला. मीही टाळ्या वाजवायचे."

आईची मशीन थांबली. बाबांनी फोन हातात घेतला. "खरं आहे," ते म्हणाले. "चार वर्षं सांगायची लाज वाटली."

आठ दिवसांनी मामा आला. माझ्या तोंडाला मुसके बांधले होते, पट्टा आईबाबा दोघांनी धरला होता. कुलूप उघडले. मामा जमिनीवर बसला होता, घामाघूम. मी त्याचा हात हुंगला. साबण, केस, भीती आणि माझेच दात. मग मी त्याच्या पायाशी आडवा झालो, कारण पायांना भार झेपत नव्हता. घरच्यांना वाटले मी माफी मागतोय. वाटू दे.

मामा बाबांना म्हणाला, "याच्यावरचा राग गेला. आता तुमच्याशी बोलायचंय." ते दोघे आतल्या खोलीत बराच वेळ बसले.

आता सकाळी मी जिना उतरतो. चढताना बाबा मला मागून उचलतात आणि धापा टाकतात. पाहुणे आले की मात्र अजूनही जाळीआड.

मित्रांनो, माझ्यासारखा मोठा राखणदार घरी आणाल तर त्याला रोज चालवा. घरी येणाऱ्या माणसांची त्याला ओळख करून द्या. त्याच्या रागाचा तमाशा करू नका. आम्हाला खेळ कळत नाही. तुम्ही हसत हसत जे शिकवता, ते आम्ही जीव तोडून करतो.