सासूबाईंचा अंदाज आणि मी

मी फुंकणी बोलतेय. चुलीची नव्हे हो, दमेकऱ्याने फुंकायची. पोटावर आकडे, त्यांवर तांबडा काटा. फुंकर जेवढी जोराची, तेवढा काटा पुढे. खोटं बोलणं माझ्या स्वभावात नाही.

चोमा गावच्या दवाखान्यातून मी लुयांडोच्या घरी आले. ती रोज सकाळी मला फुंकायची नि आकडा वहीत लिहायची. एरवी चारशे. पाळी जवळ आली की तीनशे, आणि छाती शीळ घालायची. तिच्या सासूबाई, बिना-म्वेंबा, म्हणजे म्वेंबाची आई, त्या शिळेवरूनच ओळखायच्या. "झालं, हाही महिना फुकट," म्हणत मक्याच्या पिठाची न्शिमा घोटायला लागायच्या. त्यांना तिसरं नातवंड हवं होतं. लुयांडोला आधी शिक्षिकेची शेवटची परीक्षा द्यायची होती.

म्हणून तिने पाळणा लांबवायच्या गोळ्या सुरू केल्या, नवऱ्याला, म्वेंबाला, सांगून, सासूला चोरून. पाकीट माझ्याच डब्यात. नर्सने बजावलं होतं, "यांनी कुणाचा दमा निवतो, कुणाचा वाढतो. फुंकत राहा." लुयांडोला मानवल्या. दोन महिने काटा चारशेच्या खाली आला नाही. मी आपली खूश.

तिथेच घोळ झाला. शीळ थांबली म्हणजे सुनेला दिवस गेले, असं सासूबाईंनी धरलं. चर्चमधल्या बायकांना सांगून मोकळ्या झाल्या. बाजारातून गर्भारणीने खायची पांढरी माती आणली आणि ठेवायला नेमका माझाच डबा उघडला.

आतलं पाकीट उचलून त्यांनी लुयांडोपुढे धरलं.

"म्वेंबाला माहीत आहे?"

"हो, आई. परीक्षेपुरत्याच घेतेय."

"त्याच्याकडे बघते मी नंतर. शीळ या गोळ्यांनीच गेली?"

"मला तरी मानवल्या."

सासूबाई मट्‌कन खाली बसल्या. "म्वेंबाच्या पाठीवर पाच झाली मला. दर खेपेला वाटायचं, जरा श्वास घेऊ द्यावा कुणी. सांगणार कुणाला?"

मग मला उचलून त्यांनी फुंकलं. दोनशे दहा. आयुष्यात पहिल्यांदा मला खोटं बोलावंसं वाटलं.

"चर्चमध्ये काय सांगायचं आता?" असं पुटपुटत त्यांनी मातीचा खडा स्वतःच्याच तोंडात टाकला.

हल्ली संध्याकाळी अंगणातून त्यांचीच हाक येते, "लुयांडो, गोळी घेतलीस का गं? सोमवारी पेपर आहे." आज सकाळी काटा चारशे दहावर होता. बायांनो, मला रोज फुंका, माझ्यावरून दम ओळखा. बारशाची घाई तेवढी करू नका.