दुसरं माणूस

बहात्तरच्या दुष्काळात तिसगावच्या ख्रिस्तवाड्यातली घरं एकेक करून रिकामी झाली. कुणी बेलापूरकडं उसाच्या पट्ट्यात गेलं, कुणी पाहुण्यांकडं. जाताना सगळे उपदेशक सूर्यभान मास्तरांना सलाम करून, दिवस फिरले की येतो, असं सांगून जात.

मागं उरले मास्तर आणि त्यांची बायको साळूबाई. तिला दमा होता, कुठं हलवणं शक्य नव्हतं. मास्तर आठवडाभर दुष्काळी कामावर खडी फोडायचे आणि रविवारी धुतलेला सदरा घालून वाड्यातल्या छोट्या देवळात उपासना घ्यायचे. समोर सतरंजीवर एकटी साळूबाई, भिंतीला टेकून बसलेली.

एकदा त्यांनी तिला सांगितलं, की रिकाम्या भिंतींपुढं बोलून जीव थकला, आता कुलूप लावू. साळूबाईनं बोलण्यापुरता श्वास गोळा केला.

"दोघं-तिघं माझ्या नावानं जमले तर मी तिथं हाय, असं प्रभूनंच सांगितलंय. आपण दोघं हाय की. त्यो यायचा आन् कुलूप बघून माघारी जायचा, बरं दिसंल का?"

मग तिला चालवत नसे त्या रविवारी मास्तर तिला पाठीवर घेऊन जात.

चैत्रात ती गेली. खांदा द्यायला वाड्यात माणूस नव्हतं. खडीच्या कामावरचा मुकादम मच्छिंद्र गडी आणि पहारी घेऊन आला. जमीन इतकी कडक झाली होती, की खड्डा खणता खणता दुपार टळली. प्रार्थनेनंतर आमेन म्हणणारंही कुणी नव्हतं. तेही मास्तरच म्हणाले.

पुढच्या रविवारी ते बाजेवरून उठलेच नाहीत. आढ्याकडं बघत देवाशी मनातल्या मनात भांडत राहिले. दोघं तरी हवेत असं तूच म्हणालास आणि दुसरं माणूस तूच नेलंस. आता तुझा शब्द तू कसा पाळणार? उत्तर आलं नाही. खरं तर उत्तराची त्यांना फारशी आस उरली नव्हती. नुसतं पडून राहावंसं वाटत होतं.

उन्हं वर आली तेव्हा दारात आक्काबाई येऊन उभी राहिली. गावातल्या शेतकरी घरची ही विधवा मास्तरांच्याच टोळीत खडी फोडायची. साळूबाईच्या दुखण्यात तिनं भाकर-कालवण पोचवलं होतं. तिनं देऊळ उघडायला सांगितलं. कुणासाठी, असं मास्तरांनी विचारलं.

"साळूनं माझ्याकडून कबूल करून घेतलंय. म्हनली, मी गेले तर ऐतवारी ह्यांच्यापुढं जाऊन बस."

मास्तरांनी तिला समजावलं. तिचे देव वेगळे, शिवाय ख्रिस्तवाड्यात येऊन बसली तर गावात लोक नावं ठेवतील.

"ठिवू द्या. मला तुमच्यातलं काई कळत न्हाई, मास्तर. तुमच्या देवाला मी चालत नसंल तर तसं सांगा, जाते."

तसं सांगायचा आपल्याला अधिकार आहे का, हे मास्तरांना ठरवता येईना. ते उठले आणि त्यांनी सदरा घातला.

आक्काबाई साळूबाईची जागा सोडून थोडी बाजूला बसली. मास्तरांनी गीत म्हटलं, मध्येच आवाज फाटला. विशेष असं काही घडलं नाही. ते अर्धंअधिक बोलून झाले असतील, तेवढ्यात भिंतीला टेकून आक्काबाईला झोप लागली. तिच्या बोटांना खडीनं चिरा पडल्या होत्या. तिला उठवावं असं मास्तरांना वाटलं नाही. ते हलक्या आवाजात शेवटपर्यंत बोलले, तिच्यासाठी प्रार्थना केली आणि ती जागी होईपर्यंत तिथंच बसून राहिले. साळूबाई गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांना एकटं वाटत नव्हतं. ते आक्काबाईमुळं की आणखी कुणामुळं, हे त्यांना सांगता आलं नसतं.

ती रविवारी येत राहिली. पुढं पाऊसपाणी बरं झालं, तशी बेलापूरकडून दोन घरं परतली. बाकीची तिकडंच रमली. परतलेल्यांपैकी भीमा कसबेनं एकदा विचारलं, इतके दिवस देऊळ बंदच असेल ना. मास्तरांनी आक्काबाईचं सांगितलं. भीमाला ते पटेना. ती आपल्यातली नाही, तिला उपासनेत धरायचं कसं?

"ते मी ठरवलं न्हाई, भीमा," मास्तर म्हणाले. "मी लई दमलो हुतो, आन् ती आली."