नामाची राहिलेली फेरी

सन दोन हजार पंचवीस. जानेवारीची पाच तारीख, पौष शुद्ध षष्ठी, रविवार. थंडी बऱ्यापैकी होती. त्या सकाळी आपला संघ ऑस्ट्रेलियात शेवटची कसोटी हरला, आणि तासाभरात नामा शेतात येऊन माझ्यावर बसला.

मी रूळ बोलतोय. पोरं मला रोलर म्हणतात. म्हणोत. काळा दगड आहे मी, दोन माणसांना घाम फोडेल इतका जड. मधून लोखंडी कणा, पुढे ओढायचा दांडा. बाकी दाखवण्यासारखं काही नाही.

माझा जन्म खाणीतला. पाथरवटाने मला गोल केलं, ते प्रेमाने नाही, मजुरीवर. जिल्हा बोर्डाचा रस्ता करायला मला आणलं. रस्ता झाला. मग डांबर आलं, डांबरामागून इंजिनाचा रूळ आला, आणि मला शाळेच्या भिंतीला लावून माणसं निघून गेली. वरची खिडकी दुसरीच्या वर्गाची होती. कित्येक वर्षं मी दुसरी शिकलो. दरवर्षी तेच धडे. पास कोणी केलं नाही. तेवढ्या शिक्षणावर बोलतोय. चूकभूल सांभाळून घ्या असं मात्र म्हणणार नाही. माझी चूक होत नाही.

नामाला तेव्हा मिसरूड फुटत होतं. तो आणि त्याचे दोस्त मला शाळेमागून ढकलत त्याच्या बापाच्या भातशेतात घेऊन आले. मास्तरांना विचारलं नाही. मलाही नाही.

तेव्हापासून माझं काम ठरलेलं. भात कापून झालं की मधले बांध फोडायचे, एक पट्टी माती-शेणाने सारवायची, पाणी मारायचं आणि माझ्याखाली दाबायची. झाली खेळपट्टी. पाऊस येईपर्यंत क्रिकेट, पाऊस आला की भात. पुढे बंदर झालं. आजूबाजूची शेतं कंटेनरच्या यार्डात गेली. नामाचं हे एक राहिलं. आता बाजूच्या रस्त्यावरून दिवसभर ट्रेलर जातात, आणि कुणी षटकार मारला तर चेंडू यार्डातल्या कंटेनरवर वाजतो. चीनहून आलेला माल आमच्या पोरांनी बराच ठोकलाय.

शेत नामाचं, म्हणून कप्तान नामा. सलामीला नामा. पंचावन्न उलटली, पोट बॅटच्या आधी चेंडूपर्यंत पोचतं, तरी सलामीला नामाच. त्याचा मुलगा निकेत सत्तावीस वर्षांचा, यार्डात कामाला, हात चांगला. तो नवव्या नंबरवर. पंच कान्हा. तो नामाचा मेहुणा. इतकी सोयीची निवड देशाच्या निवड समितीलाही कधी जमलेली नाही.

गावाचा एक कायदा आहे. जो शून्यावर बाद होईल त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी मला एकट्याने ओढायचं, पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मध्ये कुणी हात लावला तर पुन्हा पहिल्यापासून. आणि त्याची फेरी होईपर्यंत दुसऱ्या कुणी मला शिवायचं नाही. हा कायदा नामानेच केला. तो कधी शून्यावर जात नव्हता तेव्हा केला. माणसं कायदे त्याच वयात करतात.

माझ्या दांड्याला सगळे लागलेत. हवालदार लागला. बँकेतला लागला. एकजण तर अंगाला हळद लागलेली असताना आला आणि वरात निघायच्या आधी फेरी करून गेला. रडलं कुणी नाही. शिव्या दिल्या. त्या चालतात.

मग डिसेंबरात शेजारच्या गावाशी सामना झाला. पहिलाच चेंडू. नामाची मधली दांडी उखडली आणि मागे किपरच्या पायात जाऊन पडली. नामाने बॅट टाकली आणि मांडी धरली.

"गोला आला," तो म्हणाला.

कान्हाने मेहुण्याकडे पाहिलं. दांडीकडे पाहिलं नाही. "रिटायर," तो म्हणाला. म्हणजे बाद नाही, म्हणजे फेरीही नाही.

परेश आमच्या गावचा किपर. दोन ट्रेलरचा मालक, तोंडाचा फाटका. तो बाहेरून ओरडला, "काका, गोला तुमाना आला का दांडीला?"

हसणारे हसले. माईकवाला गप्प राहिला. माईक नामाच्या घरच्या विजेवर चालतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाट पाहिली. नामा आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, तो बसायला. माझ्यावर. तेव्हापासून रोज यायचा, बसायचा, पाय हलवत गावाला क्रिकेट शिकवायचा. जी फेरी द्यायची तिच्यावरच बूड टेकून बसलं की कुणी मागायला येत नाही. हे त्याला कुठून सुचलं ठाऊक नाही. दुसरीत तरी शिकवत नव्हते.

पण उखडलेली दांडी सगळ्या गावाने पाहिली होती; त्याची फेरी झाली नाही म्हणून दुसरा कुणी मला शिवेना. महिना होत आला. पट्टीला भेगा गेल्या. पलीकडच्या टोकाला उंचवटा आला, तिथे चेंडू पडला की सरळ दातांकडे जायचा. आणि बारा तारखेच्या रविवारी गावदेवीच्या नावाचे सामने होते. बाहेरचे संघ यायचे होते. अशा पट्टीवर ते खेळले नसते, आणि का नाही खेळलो हे त्यांनी सगळ्या तालुक्याला सांगितलं असतं.

तर ती पाच तारीख. माणसं पहाटेपासून टीव्ही बघून तांबारलेल्या डोळ्यांनी शेतात जमली. नामा माझ्यावर, बाकीचे कडेच्या बांधावर. आमच्याकडे पालखीचा मान आणि देशाचा संघ याच बांधावर ठरतो.

"पयली टेस्ट जिंकली," नामा म्हणाला. "मंग काय झाला?"

"मंग दुसरी खेलले," परेश म्हणाला.

झालं होतं ते असं. पहिली जिंकली. दुसरी तीन दिवसांत गेली. तिसरी पावसाने वाचवली. चौथी शेवटच्या दिवशी चहापर्यंत वाचत होती, चहानंतर नाही वाचली. पाचवीला कप्तान आपणहून बाहेर बसला, तरी हरले. जूनमधला मोठा सामना हुकला. त्याआधी हे घरीच न्यूझीलंडकडून तिन्ही हरले होते, पण त्याला परदेश म्हणता येत नाही, म्हणून तो विषय बांधावर घेतला नाही. सगळा दौरा एका गोलंदाजाने ओढला आणि शेवटच्या दिवशी त्याचीच पाठ धरली. यावर मी बोलू शकतो. एकट्याने ओढलं की पाठ धरते. मी दोघांनी ओढायची वस्तू आहे. एकट्याने ओढायची ती शिक्षा.

नामाने नवा संघ निवडायला घेतला.

"त्यो मोठा बॅट्समन. बाहेरचे चेंडूला बॅट लावतो न मागं झेल देतो. दर टायमाला त्योच झेल. काढा त्याला."

"त्याचे जागेवर कोन?" कान्हाने विचारलं.

"कोनी बी. नवा पोरगा घ्या. मार खाईल, शिकेल. म्हाताऱ्यांनी किती दिवस जागा अडवाची?"

निकेत गवताची काडी चावत होता. त्याने काडी थुंकली.

कान्हा म्हणाला, "मी काय बोलतो, परतेक राज्याचा एक घ्या. आपन परतेक आलीचा एक घेतो तसा. भांडानच न्हाय."

"राज्यां अठ्ठावीस हायती," परेश म्हणाला.

"मंग दोन टीम करा."

"न उरलेले?"

"पंच," कान्हा म्हणाला.

नामाने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "खरी गोष्ट ऐका. तिकरं चेंडू उसलतो. आपले पोरांना उसलते पिचची सवय न्हाय."

"आता व्हईल," परेश पट्टीकडे बघत म्हणाला. "आपली बी उसलाया लागलीय."

नामाने ऐकलं नाही असं दाखवलं. ते त्याला चांगलं जमतं. "न कप्तानाचा काय?" कान्हाने विचारलं. नामा पुढे वाकला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. आता मोठं काहीतरी येणार हे मला त्याच्या वजनावरून कळतं.

"वय झाला का मानसाला सोताला कलला पायजे. कोनी सांगाची वेल येव नये. त्यो बाहेर बसला, बरा केला. पन बसून भागत न्हाय. मी सिलेक्टर असतो ना, त शून्यावर गेलेल्या एकेकाला रोलरला जुपला असता. मोठा न्हाय न बारका न्हाय."

रस्त्यावरून एक ट्रेलर गेला. नामाच्या तोंडाकडे कुणी बघत नव्हतं. सगळे त्याच्या बुडाखाली बघत होते. तिथे मी होतो.

सखुबाई, नामाची बायको, चहाची किटली घेऊन आली होती. घर शेताला लागूनच आहे. तिने परेशला कप दिला, कान्हाला दिला. नवऱ्याचा कप भरून हातात धरला आणि म्हणाली, "मंग उठा."

"काय?"

"रोलरला जुपाचा हाय ना. त्याचेवर कोनतरी बसलाय."

नामा उठला. चहा घेतला नाही. घरी गेला. देशाचा संघ अर्धाच निवडून राहिला. पुढे देशाने काय केलं ते देश जाणे.

दोन दिवस तो शेतात फिरकला नाही. परेशला वाईट वाटलं. वाईट वाटलं की परेश ट्रेलर घेऊन येतो. बुधवारी त्याने रस्त्याच्या कामावरचं दाबायचं यंत्र मागून आणलं आणि नामाच्या दारात उभं केलं. पिवळं, नवं, तेल प्यायलेलं. माझ्याकडे वरून बघत होतं.

"काका, दोन मिन्टाचा काम हाय," परेश म्हणाला. "कोनाला वढाया नको, कोनाला बोलाया नको. पट्टी सपाट, विषय खलास."

नामा ओट्यावर बसला होता. "उतरव नको."

"रविवारी बाहेरचे टीम येतान काका."

"माझे शेतान मशीन येनार न्हाय. मशीन कवा शून्यावर गेली?"

परेशने त्याच्याकडे बघितलं, टोपी काढली, परत घातली, आणि ट्रेलर वळवून नेला. मला बरं वाटलं. तसं दाखवलं नाही. दगडाला ते सोपं जातं.

ट्रेलर गेल्यावर सखुबाई बाहेर आली. महिनाभर गप्प राहिलेली बाई एकदा बोलली की थांबत नाही.

"डाक्टरानी वाकाया नको सांगितलाय. पाठ गेली मंजे?"

"ऑस्ट्रेलियान त्या बॉलरची पाठ गेली त सगले त्याला हिरो बोलले."

"त्याचे मागं डाक्टरांची फौज हाय. तुमचे मागं मी हाय, न माझेकरं बाम हाय. मी उठा बोलले. मरा न्हाय बोलले."

"तूच बोललीस."

"हां, बोलले. सगले गावासमोर ताठ बसून दुसऱ्याची अब्रू काढता. मना लाज वाटली."

नामा पट्टीकडे बघत बसला. मी या माणसाला मिसरूड फुटल्यापासून ओळखतो. तो उत्तर देत नाही तेव्हा त्याला पटलेलं असतं.

शुक्रवारी संध्याकाळी पट्टीवर पाणी मारलेलं दिसलं. निकेतने मारलं, कुणी सांगितलं नव्हतं. शनिवारी सकाळी धुकं उठायच्या आत सगळा संघ बांधावर होता. त्यांनाही कुणी बोलावलं नव्हतं. हवालदारसुद्धा ड्यूटीवर जाता जाता थांबला.

नामा आला. पायात चप्पल नव्हती. कमरेला सखुबाईच्या जुन्या लुगड्याचा पट्टा आवळून बांधला होता. त्याने बांधाकडे न बघता सांगितलं, "उद्या सलामीला निकेत."

निकेत काही बोलणार होता. नामाने हाताने थांबवलं.

"न तू?" कान्हाने विचारलं.

"मी पंच."

"मंग मी?"

"तू बस. तुला दांडी दिसत न्हाय."

परेश हसला नाही. मी पहिल्यांदाच तसं पाहिलं.

पुढचं सांगायच्या आधी वाचणाऱ्याला एक सांगतो. गावोगाव माझ्यासारखे दगड पडलेत, कुणी मैदानात, कुणी शाळेमागे. ओढायचं नसेल तर ओढू नका. पण वर बसू नका. वर बसलेल्याला खालचं दिसत नाही.

नामाने दांडा धरला. पहिल्या हिसक्याला मी हललो नाही. महिनाभर एका जागी होतो, मातीत रुतलो होतो. दुसऱ्या हिसक्याला तो एक शिवी हासडून मागे कलला, टाचा रोवल्या, आणि मी सुटलो. मग तो वळला आणि माझ्याकडे पाठ करून ओढू लागला.

मी हलका झालो नाही. दगडाला होता येत नाही, आणि आलं असतं तरी झालो नसतो. त्यालाही ते नको होतं.

भेगा माझ्याखाली मिटत गेल्या. ओली माती अंगाला लागत होती, सुटत होती. नामाचा श्वास मला दांड्यातून कळत होता, लोहाराच्या भात्यासारखा. अर्ध्या पट्टीत तो थांबला, वाकून गुडघे धरले. बांधावर सखुबाईने पदर तोंडाशी नेला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. टाळ्या वाजवल्या असत्या तर त्याने दांडा फेकला असता.

पुन्हा निघाला. उंचवट्याशी मी अडलो. त्याने पुढून ओढलं, मी अर्धा चढलो आणि मागे आलो. पुन्हा ओढलं. पुन्हा मागे आलो. निकेत बांधावरून उतरला आणि माझ्या मागे येऊन उभा राहिला. दोन्ही हात पुढे केले.

"हात लावू नको," नामा म्हणाला. मान वळवली नव्हती. "पयल्यापासून वढाया लागेल."

निकेतने हात मागे घेतले. पण गेला नाही. तिथेच उभा राहिला, हात कमरेवर, बापाच्या पाठीकडे बघत.

नामाने दांडा पोटाशी घेतला. जे पोट बॅटच्या आड यायचं, ते आज कामाला आलं. सगळं अंग त्याने पुढे टाकलं. मी चढलो, वर क्षणभर थांबलो, आणि उतरलो. उंचवटा माझ्याखाली बसला.

पुढे टोकापर्यंत सपाट होतं. तिथवर तो न थांबता आला. नामाने दांडा खाली ठेवला.