करदोड्यातला ताईत

“सर, कमरेला काही धातूचं आहे का?” सीटी स्कॅनच्या खोलीत योगिनीने दुसऱ्यांदा विचारलं.

“नाई म्हनलं ना!” उकंडराव गुरुजी वर्गात ओरडायचे तसेच ओरडले.

योगिनी त्यांचीच विद्यार्थिनी, मेडशीच्या शाळेतली. आता वाशिमला हे मशीन चालवायची. काचेआड जाऊन तिने पहिला फोटो घेतला आणि परत आली. या वेळी आवाज खाली आणून म्हणाली,

“सर, पोटाच्या फोटोत पांढऱ्या रेघा येऊन राह्यल्या. गाठ असली तरी दिसनार नाही.”

आता काय लपवणार? उकंडरावांनी शर्ट वर केला. करदोड्याला तांब्याचा ताईत होता. ज्याने उभ्या गावाला अंधश्रद्धेवरून झोडपलं, गेल्या वर्षी भर सभेत चंपाबाईच्या गळ्यातला ताईत कैचीने कापून लोकांना हसवलं, त्याच्याच कमरेला! लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. धरणीने पोटात घ्यावं असं त्यांना झालं. योगिनीने दोरा कापला आणि ताईत त्यांच्या मुठीत ठेवला.

दुपारी डॉक्टरांनी फोटो दाखवला. मणक्याजवळ, नसांच्या जाळ्यात गाठ होती; माणूस घाबरला की अंगात सुटतो तो रस ती उगाचच रक्तात सोडत होती. रक्ताच्या तपासणीशीही जुळत होतं. ज्यापायी त्यांनी गुपचूप ताईत बांधला ती सहा महिन्यांची धडधड, तो घाम, बसल्या जागी जीव घाबरा होणं, सगळं तिचंच काम. ऑपरेशनने निघेल, म्हणाले.

बायकोचा, रत्नमालाचा, जीव भांड्यात पडला. बसमध्ये ती म्हणाली, “पाहा, भेव तुमचं नव्हतंच, गाठीचं होतं. कायले मनाले लावून घेता?”

“अन् चंपाबाईचं भेव कायचं होतं?” उकंडराव म्हणाले. “म्या इचारलं तरी का तिले?”

मेडशीला उतरल्यावर ते घराकडे वळलेच नाहीत. चंपाबाई ओट्यावर एकटीच तूर पाखडत होती. त्यांना पाहताच तिचा हात गळ्याशी गेला आणि तिने घाईघाईने पदर ओढून घेतला. म्हणजे पुन्हा बांधला होता.

उकंडरावांनी मूठ उघडली. कापलेल्या दोऱ्याकडे ती पाहत राहिली. आता हसेल, असं त्यांना वाटलं. हसली असती तर बरं झालं असतं.

“कवापासून भेव वाटते, गुर्जी?” तिने विचारलं, आणि सूप बाजूला सारून त्यांना बसायला जागा केली.