मागच्या खोलीतली तीन कपाटं

चिंगीने मला गळाला लावलं ते माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच हातचा चहा पीत.

चिंगी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. आता पन्नाशीला टेकलेली बाई आहे, ग्रंथालयाची प्रमुख आहे, दारावर तिच्या नावाची पाटी आहे. पण माझ्या तोंडात दुसरं नाव बसत नाही. तिची आई कामावर जायची, तेव्हा शाळा सुटली की ही थेट ग्रंथालयात यायची आणि माझ्या काउंटरमागे बसून पुस्तकांना लावायच्या नंबरांच्या चिठ्ठ्या जिभेने ओल्या करून द्यायची. संध्याकाळपर्यंत जीभ डिंकाने चिकट. पुढे तिने शिक्षणही ग्रंथालयाचंच घेतलं आणि मी निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी माझ्याच खुर्चीत येऊन बसली. मला वाटलं, म्हणजे मी तिथून गेलेच नाही.

त्या दिवशी ती म्हणाली, "मावशी, दर शनिवारी सकाळी येऊन बसशील का गं?"

"कुठे?"

"मागच्या खोलीत. तुझ्या त्या तीन कपाटांपाशी. लोक विचारतात, जुनं काही वाचायचं तर काय वाचू? आमची मुलं कॉम्प्युटरमध्ये बघून सांगतात. तू कसं माणूस बघून सांगायचीस. तेच कर. बस, गप्पा मार, पुस्तक हातात दे."

"आणि माझे गुडघे?"

"गाडी पाठवते. खुर्चीत उशी ठेवते."

"पगार?"

"चहा."

"साखरेचा?"

"डॉक्टरांना विचारून सांगते."

मी इतकी हसले की कप खाली ठेवावा लागला. निवृत्तीनंतर माझ्याकडे कुणी औषधाच्या वेळेखेरीज काही मागितलं नव्हतं. मी हुरळून गेले, यात नवल ते काय!

मागच्या खोलीत तीनच कपाटं होती. श्रद्धा, संसार आणि खेळ. माझ्या आधीचे ग्रंथपाल म्हणायचे की ही तिन्ही शेजारी शेजारीच राहू द्या, कारण या तिन्हीत माणूस आधी उडी घेतो आणि नियम नंतर विचारतो. पुस्तकं सगळी जुनी, बहुतेकांची पुन्हा आवृत्ती निघाली नाही. पण त्यांत काय काय होतं! एका परिचारिकेचं पुस्तक होतं. तिने प्रार्थना का सोडली ते ती पहिल्याच पानावर सांगून टाकते आणि उरलेलं पुस्तकभर, ती सुटत का नाही, ते सांगते. कोर्टातल्या एका कारकुनाचं होतं. घटस्फोटाला आलेली जोडपी बाहेरच्या बाकावर बसून एकमेकांशी काय बोलतात, एवढंच त्याने लिहून ठेवलं होतं. बहुतेक जण विचारायचे, मागचं दार लावलंस ना? आणि एका गोलरक्षकाचं होतं. त्यात त्याने अडवलेला एकही गोल नाही. जे सुटले, तेवढेच.

पुस्तक सुचवायची माझी एक रीत होती. देताना फार बोलायचं नाही. परत आलं की मात्र दोन प्रश्न विचारायचे. कुठे थांबलात? आणि कुणाचा राग आला? सरळ शेवटपर्यंत वाचत जाणारा माणूस मी पाहिला नाही. प्रत्येक जण कुठेतरी पुस्तक मिटतो, खिडकीबाहेर बघतो. ती जागा कळली की त्याला पुढचं काय द्यायचं ते कळतं. म्हणून मला द्यायच्या पुस्तकापेक्षा परत आलेल्या पुस्तकाची जास्त ओढ. अर्धं काम तिथे असतं.

शनिवारी लोक येऊ लागले. पहिलीच आली ती शिवणकाम करणारी एक तरुण मुलगी. गळ्यात मापाची टेप तशीच.

"बाई, लग्नावरचं काही द्या. पण उपदेश नको. त्याला सासू आहे, आई आहे, आणि आता नवराही शिकलाय."

मी कारकुनाचं पुस्तक दिलं. "यात कुणी कुणाला उपदेश करत नाही. सगळे बाकावर बसून नंबर यायची वाट बघतात."

"मग आमच्या घरासारखंच आहे की," ती म्हणाली आणि घेऊन गेली.

मग निवृत्त बसड्रायव्हर आले. बायको जाऊन वर्षही झालं नव्हतं. म्हणाले, "देवाबद्दल द्या, पण देवाची वकिली करणारं नको." त्यांना मी परिचारिका दिली आणि एवढंच म्हटलं, की ती रिकाम्या खाटेची चादर बदलताना थांबते, तिथे तुम्हीही जरा थांबा.

पुस्तकं आता पुढच्या काउंटरवर परत घेत. माझ्याकडे नुसता माणूस परत यायचा.

"दिलंत का परत?"

"दिलं की बाई, पुढे."

मग मी माझे दोन प्रश्न विचारायची. शिवणवाली तावातावाने भांडायची, त्या कारकुनाला स्वतःची बायको नव्हती वाटतं, म्हणायची. ड्रायव्हर हळूच म्हणाले, "थांबलो बाई. ती चादर बदलते ना, तिथेच थांबलो." माझे डोळे भरून आले होते.

आणि कपाटं रिकामी होत गेली. ज्याने आयुष्य ग्रंथालयात काढलंय त्यालाच कळेल, रिकाम्या फळीइतकं सुख दुसरं नाही. भरलेली फळी म्हणजे न विचारलेली पुस्तकं. रिकामी म्हणजे सगळी लोकांच्या उशाशी. एकदा मी विचारलंही, "चिंगे, कारकुनाचं पुस्तक बरेच दिवस दिसलं नाही गं."

"दिसेल कसं? परत येतं आणि पुढच्या पुढेच जातं. हवा आहे तुझी, मावशी!"

मी त्या दिवशी घरी येऊन आरशात बघितलं. खोटं कशाला सांगू?

नंतर एका दुपारी माझ्या दारावर थाप पडली. बाजारासमोर किल्ल्या बनवून देतात ते गृहस्थ. एकदाच आले होते ते शनिवारी, चिंगी रजेवर होती तेव्हा, आणि मी त्यांना गोलरक्षक दिला होता. आता तेच पुस्तक काखेत घेऊन उभे.

"बाई, मी काय भिकारी दिसतो?"

"आधी आत तर या. झालं काय?"

"हे परत करायला गेलो. काउंटरवरची मुलगी म्हणते, ठेवा काका तुम्हालाच. म्हटलं, का? म्हणे, ही आम्ही परत घेत नाही, वाटायचीच आहेत."

"नवी असेल हो ती. चुकली असेल."

"मलाही तसंच वाटलं. मग तिने मोठ्या बाईंना बोलावलं. त्यांनीही तेच सांगितलं. वर म्हणाल्या, मावशींपाशी बोलू नका. आता सांगा! जन्मभर लोकांची कुलपं उघडली, दुसऱ्याच्या घरातली टाचणी कधी उचलली नाही. आणि हे मी फुकट घरात ठेवू?"

सवयीने तोंडून निघालं, "कुठे थांबलात?"

ते जरा शांत झाले. "तो पावसातला गोल आहे ना, चेंडू हातात आलेला असतो आणि निसटतो. तिथे मिटून ठेवलं. दोन दिवस हात लावला नाही."

"आणि राग कुणाचा आला?"

"आत्ता विचारलंत तर तुमच्या भाचीचा."

मी त्यांच्याच बरोबर निघाले. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत दोन कामगार जमिनीवर खडूने रेघा मारत होते. कपाटांच्या जागी अभ्यासाची टेबलं येणार होती, प्रत्येक टेबलाला बटणं आणि दिवा. खेळाचं कपाट भिंतीपासून ओढून तिरपं केलं होतं.

चिंगी आली. मला बघितलं आणि किल्लीवाल्यांना बघितलं. हुशार आहे ती, तिला सांगावं लागलं नाही.

"मावशी, बस आधी."

"मी उभीच बरी आहे. बोल."

"समितीने ठरवलं होतं गं. तिन्ही कपाटं रद्दीत. एका टेम्पोत. मी हातापाया पडून थोडे महिने मागून घेतले. म्हटलं, निदान लोकांच्या घरांत जातील. तुझ्या हातून जातील."

"माझ्या हातून लोकांच्या गळ्यात मारलीस."

"असं नको ना बोलू. कुणीतरी वाचली तरी."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू बसली असतीस का शनिवारी?"

"नसते."

"म्हणूनच. तू सरळ समितीपुढे जाऊन भांडली असतीस. तुझा रक्तदाब, तुझे गुडघे... आणि तुझा अपमान केला असता त्यांनी. मला बघवलं नसतं."

"ते भांडण माझं होतं, चिंगे. हरले असते तर माझी मी हरले असते. तू मला उशी दिलीस आणि चहा दिलास."

ती रडायला लागली. लहानपणी रडायची तशीच, आवाज न करता. "तू किती खुशीत होतीस. इस्त्रीचे कपडे घालून यायचीस. मी ते बघत होते ना."

मग मी विचारायला नको होतं ते विचारलं. "लोकांना ठाऊक होतं?"

तिने डोळे पुसले.

"चिंगे."

"दारात सांगायचे मी. ठेवून घ्या, पण मावशीने विचारलं तर परत दिलं म्हणा."

किल्लीवाले दुसरीकडे बघू लागले. मी म्हटलं, "रद्दीवाला निदान दारात ओरडून तरी येतो."

घरी येऊन मी समितीच्या अध्यक्षांना फोन लावला. फार आदराने बोलले. म्हणाले, "बाई, आता काय उरलंय भांडायला? पुस्तकं तर तुमच्याच हस्ते वाटली गेली."

तरी शनिवारी मी गेले. न जाणं म्हणजे तोंड लपवणं झालं असतं, आणि लपवावं असं मी काही केलं नव्हतं. नेहमीची मंडळी बसली होती. चिंगी दाराशी. मी खुर्चीतली उशी काढून खाली ठेवली आणि बसले.

"आज मी काही देणार नाही," मी म्हटलं. "फक्त विचारणार आहे. माझ्या हातून नेलेलं पुस्तक कुणाकुणाच्या घरी आहे?"

खुर्च्या करकरल्या. शेवटी ड्रायव्हर उठून उभे राहिले, वर्गातल्यासारखे.

"माझ्याकडे आहे, बाई. मोठ्या बाई म्हणाल्या, परत दिलं म्हटलं की तुम्हाला बरं वाटतं."

"वाचलंत?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "दोन पानं वाचली."

"पण तुम्ही मला सांगितलंत, चादरीपाशी थांबलो म्हणून."

"ते तुम्हीच सांगितलं होतं ना, देताना. तेच मी तुम्हाला परत दिलं." मग घाईने म्हणाले, "मला यायचं असायचं, बाई. शनिवारी घरी बोलायला कुणी नसतं."

त्यांच्यावर रागवावं तरी कसं? पण ज्या वाक्याने माझे डोळे भरले होते ते माझंच होतं. म्हणजे त्या खोलीत इतके महिने मी एकटीच बोलत होते, आणि ऐकतही मीच होते.

तेवढ्यात शिवणवाली म्हणाली, "मी वाचलंय. दोनदा. आणि परत देणार नाही, आधीच सांगते. मधल्या बाकावरचं ते जोडपं आहे ना, डबा वाटून खातं आणि मग आत जाऊन वेगळं होतं? त्या बाईचा राग आला मला. डबा कशाला द्यायचा त्याला? नवऱ्याला वाचून दाखवलं, तर तो म्हणाला, भूक लागली असेल दोघांना. त्यावरून आम्ही भांडलो." मग गळ्यातली टेप बोटाला गुंडाळत म्हणाली, "तुमच्याशी खोटं बोलले, ते मात्र चुकलं."

"चुकलंच," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली.

एवढं एक खरं हाताला लागलं. बाकीचे एकेक करून उठले. कुणी नमस्कार केला, कुणी माझ्या खांद्याला हात लावला. तब्येतीला जपा, असं सगळ्यांनी सांगितलं. किल्लीवाल्यांचा गोलरक्षक मी त्या दुपारीच त्यांच्यासमोर माझ्या पिशवीत घातला होता, तो आता माझ्या घरी आहे.

खोलीत मी आणि चिंगी राहिलो. सोमवारी काम सुरू होणार होतं. मधल्या कपाटात एक फळीभर पुस्तकं उरली होती.

"ही मी घरी नेते, मावशी," ती म्हणाली. "खरंच वाचते. शप्पथ. यातलं एकही मी कधी उघडलं नाही, तुला माहीत आहे ना?"

मला माहीत नव्हतं. माझ्या काउंटरमागे वाढलेली मुलगी. सगळ्या पुस्तकांच्या कण्यांवरचे नंबर तिच्या जिभेने चिकटलेले, आणि आत काय आहे ते तिने कधी बघितलं नव्हतं. ती काय देऊन टाकत होती हे तिला ठाऊकच नव्हतं, म्हणून तिला ते जमलं.

"आधी कुठलं वाचू?" तिने विचारलं.

मला लगेच कळलं होतं. डावीकडून चौथं. एका बाईने आपल्या आईबापांच्या लग्नावर लिहिलेलं. चाळीस वर्षं एकमेकांच्या भल्यासाठी एकमेकांपासून गोष्टी लपवणाऱ्या दोन माणसांचं. चिंगीसाठीच लिहिलंय असं पुस्तक. ती नक्की कुठे मिटून खिडकीबाहेर बघेल, तेही मी सांगू शकले असते.

"तूच बघ," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग फळीवरून बोट फिरवत गेली. चौथ्या पुस्तकावर बोट जरासं अडखळलं. वाट बघत होती ती, मी मान हलवीन म्हणून. मी खिडकीकडे बघत राहिले. बोट पुढे सरकलं आणि तिने शेजारचं जाडजूड, सोनेरी अक्षरांचं पुस्तक ओढून काढलं. त्यात काही नाही.

"हे चांगलं आहे?"

"गाडी बोलाव," मी म्हटलं. "मला घरी जायचंय."