तिरक्या स्नानगृहाची प्रतिकृती

मित्रांनो, मी एक जुनी प्रतिकृती आहे. पुठ्ठा, पातळ प्लायवूड आणि भरपूर गोंद यांची बनलेली, जेवणाच्या टेबलाएवढी. मोठ्या दवाखान्याच्या व्हरांड्यात काचेच्या पेटीत मी बसून असते. माझ्या मधोमध एक छोटी लाकडी इमारत आहे, ती जरा तिरकी बसली आहे. येणारेजाणारे म्हणतात, "एवढं साधं सरळ चिकटवता आलं नाही?" मी मूग गिळून गप्प बसते. आज मात्र सांगतेच.

मला घडवले एका आर्किटेक्ट बाईने. घरात सगळे तिला धाकटी म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. गरम पाण्याच्या झऱ्यावर एक जुने दगडी स्नानगृह होते. दुखरी हाडे आणि आखडलेले सांधे घेऊन माणसे तिथे येत आणि पाण्यात व्यायाम करत. त्याच्याभोवती मोठे आरोग्य संकुल उभारायचे ठरले आणि आराखड्याचे काम धाकटीकडे आले. तिने सर्वांत आधी ते स्नानगृहच बनवले, अस्सल लाकडाचे, खांब आणि कठड्यासकट. मग त्याच्याभोवती वॉर्ड, वाटा आणि झाडे लावत मला वाढवले. म्हणजे माझा जन्मच त्या इमारतीच्या आधाराने झाला.

धाकटीचा जीव तिथे गुंतला होता तो तिच्या ताईमुळे. अपघातानंतर ताई चाकाच्या खुर्चीत होती. फक्त त्या गरम पाण्यात, कठडा धरून, ती उभी राहू शके. डॉक्टरांनी बजावले होते की यात खंड पडला तर पाय पुन्हा आखडतील.

अशात संकुलाच्या अध्यक्षांचा निरोप आला. "मॉडेलमधलं ते स्नानगृह चिकटवू नका. काढून बघता आलं पाहिजे." धाकटीने गोंदाची बाटली खाली ठेवली. मी ती परत तिच्या हातात दिली असती, मला हात असते तर.

सभेच्या दिवशी मला मोठ्या टेबलावर ठेवले. मंडळी माझ्याभोवती उभी राहिली. एका गृहस्थांनी चहाचा कप थेट माझ्या बागेत ठेवला. असा राग आला म्हणून सांगू! पण तो राग लगेच विसरले, कारण अध्यक्षांनी दोन बोटांनी माझे स्नानगृह अलगद उचलले.

"हे इथून गेलं की सगळ्या गाड्या आरामात लागतात," ते म्हणाले. "आजारी माणसाला भर उन्हात लांबून चालवायचं का? आणि गरम पाणी कुठे पळून जात नाही. पाइप टाकू, तळघरात टाक्या बांधू. वर्ष-दोन वर्षं कळ काढायची, बस्स. पाणी तेच!"

बोलणे अगदीच चुकीचे वाटत नव्हते, हीच तर भीती होती. वरून पाहताना माझ्या मधला रिकामा चौकोन कसा नीटनेटका दिसत होता. माना डोलू लागल्या. धाकटी झऱ्याविषयी बोलली, दगडी बांधकामाविषयी बोलली, घसा कोरडा पडेपर्यंत बोलली. सगळे पालथ्या घड्यावर पाणी.

"मग हात वर करायचे का?" अध्यक्षांनी विचारले. स्नानगृह त्यांच्या मुठीत होते आणि माझा जीव टांगणीला लागला होता.

ताई रोजच्या पेशंटांच्या वतीने सभेला आली होती. खुर्चीत बसल्यामुळे तिचे डोळे टेबलाच्या थोडेच वर होते. बाकी सगळे मला वरून बघत होते. ती एकटी माझ्या खिडक्यांमधून बघत होती.

"साहेब, जरा इथे खाली बसून बघता का?" ती म्हणाली.

"मला सगळं दिसतंय की."

"उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला दिसतं तेवढंच दिसतंय."

कुणीतरी खोकल्यात हसू लपवले. धाकटीने डोळे गच्च मिटले. आता सगळे संपले, असेच मलाही वाटले.

अध्यक्षांचे गुडघे दुखरे होते. टेबल धरत, "आई गं" म्हणत ते एका खुर्चीत टेकले आणि त्यांनी हनुवटी माझ्या रस्त्यावर आणली.

"वॉर्डाच्या खिडकीतून काय दिसतं?" ताईने विचारले.

"कुंपणाची भिंत."

"मी समोरच्या छोट्या दवाखान्यात कित्येक महिने पडून होते. पाण्यात उतरायचं म्हटलं की रडायचे. पण खाटेवरून या स्नानगृहाचा कठडा दिसायचा. एक आजोबा रोज तो घट्ट धरून यायचे. एके दिवशी त्यांनी हात सोडला आणि चालत गेले. तेव्हा मी म्हटलं, मला पण न्या. ते तळघरात असते तर मला दिसले असते का?"

अध्यक्षांनी मूठ उघडली. बसल्या बसल्याच त्यांनी स्नानगृह परत माझ्या मधोमध ठेवले आणि पुन्हा खिडकीतून पाहिले. बराच वेळ पाहिले.

"गाड्या मागच्या फाटकाला लावा," ते म्हणाले. "आणि हे चिकटवून टाका, माझं मत फिरायच्या आत. अन् मला कुणीतरी उठवा बुवा!"

धाकटीने तिथल्या तिथे गोंद लावला. मत फिरायच्या आत उरकायची घाई होती, म्हणून इमारत तिरकी बसली. पुढे तिने ती कधीच सरळ केली नाही. खरे स्नानगृह मात्र ताठ उभे आहे, आणि वॉर्डातल्या प्रत्येक खाटेवरून त्याचा कठडा दिसतो.

मित्रांनो, माझ्या काचेवर धूळ साचते, तिच्यावर बोटाने नावे लिहू नका, पुसून टाका. आणि मला बघायचे तर आधी खाली बसा. आजारी माणसासाठी काहीही बांधाल, तेव्हा त्याच्या खाटेवरून एकदा बघून घ्या.

ताई रोज माझ्यासमोरून पाण्यावर जाते. इतकी वर्षे ती मला खुर्चीतूनच बघत आली, आणि तिथून माझा तिरकेपणा कळत नाही. परवा ती माझ्यापाशी थांबली. तिच्या हातात काठी होती आणि खुर्ची कुठेच नव्हती. तिने उभ्यानेच वरून काचेतून माझ्याकडे पाहिले आणि ती खळखळून हसली.

"अगं बाई," ती म्हणाली, "केवढी तिरकी आहेस तू!"