चार खोल्यांचं हृदय

“हे कायले लिवून ठेवलं दारावर?” हिमांशुनं विचारलं आणि उत्तर यायच्या आत बायकोच्या, चेतनाच्या, कानाखाली वाजवली.

“पाठ करून राहिली. परवा पेपर आहे.”

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला असलेल्या चेतनाला पुस्तकातलं हृदय काही केल्या लक्षात राहत नव्हतं. म्हणून तिनं ते अर्जुनी मोरगावच्या सासरच्या घरात मांडलं. मागच्या दारातून मळकं रक्त आत येणार. स्वयंपाकघर हा उजवा वरचा कप्पा, धानाची खोली खालचा. तिथून अंगणात, म्हणजे फुफ्फुसात, जाऊन हवा घ्यायची, मग माजघर, शेवटी ओसरीतून बाहेर. दारांवर खडूनं झडपांची नावं. चालत चालत म्हणायचं, खडू पुसून पुन्हा म्हणायचं. युक्ती झकास होती. पण पानठेल्यावर कुणीतरी म्हणालं, “तुया घरचा तं दवाखाना झाला बे!” आणि बारावीत दोनदा आपटलेल्या हिमांशुचं डोकं फिरलं.

केस धरून त्यानं तिला स्वयंपाकघरातून फरफटत नेलं, धानाच्या खोलीत ढकललं, कमरेत लाथ घातली. तिनं चौकट धरली.

“माराचं तं मार, पन हात सोडून मार. पेपर आहे तिचा,” सासू शांतीबाई चुलीपासून म्हणाली. बाईची दया एवढीच.

त्यानं दार दाणकन आपटलं. चेतनाची दोन बोटं मध्येच होती.

गोंदियाच्या परीक्षा केंद्रात पहिलाच प्रश्न आला: हृदयातून होणारा रक्ताचा प्रवास लिहा. चेतनानं डोळे मिटले आणि मागच्या दारातून आत शिरली. स्वयंपाकघरात केस ओढले गेले. पुढे ते दार. तिथं ती थांबली, घामानं भिजली. कमरेतली लाथ तेवढी आठवत होती, झडपेचं नाव नाही. पण अंगणात जायचं तर वाट तिथूनच होती. ती त्या दारातून गेली. पट्टी बांधलेल्या बोटांत पेन धरून तिनं सगळं लिहून काढलं, झडपेच्या नावासकट.

बाहेर हिमांशु मोटरसायकल घेऊन उभा होता. ती बसेना तसं त्यानं तिचं मनगट पिरगाळलं. “लोक पाहून राहिले. मुकाट्यानं बस.”

“सोमवारच्या पेपरात मूत्रपिंड आहे,” हात सोडवत ती म्हणाली. “तुया घरी नाही मांडत आता. बाबाकडे जातो.”

“तुया बापाकडे आहेतच किती खोल्या?”

“दोन. मूत्रपिंडाले दोन पुरतात.”

सुजलेला हात छातीशी धरून ती बाबाच्या गावाला, नागऱ्याला जाणाऱ्या ऑटोत बसली.